क्लोज्ड फॉर स्टॉर्म: न्यू ऑर्लिन्सचं बुडालेलं पार्क आणि आपल्या बडोद्याच्या पडीक जागा

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

२०११ ते २०१६ मी न्यू ऑर्लिन्सला होतो. राहायला मेटेरीला आणि साइट तलावापलीकडे स्लाइडेलला, त्यामुळे रोज आय-टेन हायवेने जाणं-येणं. शहराच्या पूर्व टोकाला, आय-टेन आणि आय-५१० जिथे मिळतात तिथे, झाडांच्या वरून एका मोठ्या रोलर कोस्टरचा सांगाडा दिसायचा. पहिल्या आठवड्यात वाटलं काम चालू असेल. मग एका गोऱ्या म्हाताऱ्या सहकाऱ्याने सांगितलं की ते सिक्स फ्लॅग्ज कंपनीचं करमणूक पार्क, २००५ च्या कतरिना चक्रीवादळापासून बंद आहे. एका रविवारी मुद्दाम गाडी वळवून गेटपर्यंत गेलो. आत जायला बंदी, पण बाहेरचा उंच बोर्ड दिसतो, आणि त्यावर काळ्या अक्षरांत अजून तेच, क्लोज्ड फॉर स्टॉर्म. वादळ येतंय म्हणून बंद. कोणीतरी दोन-चार दिवसांसाठी ती अक्षरं लावली असतील, सोमवार-मंगळवारी काढू म्हणून.

थोडक्यात इतिहास. २० मे २००० ला ते जॅझलँड नावाने उघडलं. शहराने त्यासाठी फेडरल कर्ज काढलेलं. धंदा चालेना, मग २००२ मध्ये सिक्स फ्लॅग्जने ७५ वर्षांच्या लीजवर घेतलं आणि २००३ पासून त्यांच्या नावाने चालू झालं. २१ ऑगस्ट २००५ हा लोकांसाठी शेवटचा दिवस. २९ ला कतरिना. कंपनीने टोटल लॉस सांगून टाकला, त्यांना लीजमधून सुटायचं होतं, २००९ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली, आणि जमीन शेवटी शहराकडे परत आली. कर्जसुद्धा शहराच्याच डोक्यावर, पाळणे बंद आणि हप्ते चालू.

त्यानंतर योजनांवर योजना. निकेलोडियनचं पार्क, आउटलेट मॉल, पुन्हा जॅझलँड, मी होतो त्या पाच वर्षांत पेपरात दर सहा महिन्यांनी नवीन चित्र छापून यायचं, निळं पाणी, छत्र्या, हसणारी मुलं. २०२१ मध्ये शहराने बायू फीनिक्स नावाची टीम निवडली: वॉटर पार्क, स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, हॉटेल, फिल्म स्टुडिओ, गोदामं असं सगळं. आणि पाडापाडी प्रत्यक्षात सुरू झाली २०२४ च्या शेवटाला. म्हणजे एकोणीस वर्षं.

हे आत्ता का लिहितोय, तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यात पूर आला तेव्हा मी इथे होतो, आईकडे. आपल्याकडेही पुराने मोकळ्या पडलेल्या जागा आहेत आणि त्यांचंही काय करायचं हे कोणीतरी ठरवतंय. तिथे जे चुकलं ते आपण नीट बघून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. तुमचं म्हणणं लिहा.

समा रोड

दादा खूप बरं केलंत धागा काढलात. माझ्यासाठी हा नुसता चर्चेचा विषय नाहीये.

आमच्या सोसायटीच्या मागे एक बंद पडलेला पार्टी प्लॉट आहे. नाव नाही लिहीत. लॉन, स्टेज, मुलांसाठी लोखंडी चकरी आणि दोन घसरगुंड्या, एकेकाळी लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डीजे. माझ्या सासूबाई सांगतात की तिथे आधी कोतर म्हणजे घळ होती, भूखी कांस नावाच्या नाल्याकडे उतरणारी, पावसाचं पाणी तिकडून जायचं. मग डंपर येत राहिले, मलबा पडत राहिला, एक दिवस सपाट झालं आणि चारी बाजूंनी भिंत उठली.

२०२४ ला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, धोक्याची पातळी २६ फूट आणि विश्वामित्री नदी पस्तिशीच्या वर. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. पण मला राग कशाचा आहे सांगू, नदी उतरली, मेन रोड कोरडा झाला, आणि आमच्याकडे पाणी तसंच. चौथ्या दिवशी सोसायटीतल्या पोरांनी कुदळी घेतल्या आणि त्या प्लॉटच्या भिंतीला भगदाड पाडलं. दोन तासात पाणी गेलं! मी गॅलरीतून बघत होते, भगदाडातून पाणी असं वळून जात होतं आणि त्यात एक लाल प्लास्टिकची खुर्ची अडकली होती, ती निघाली आणि धार एकदम मोठी झाली.

सासऱ्यांची वाजवायची पेटी होती, साठ वर्षांची, पलंगावर ठेवली होती उंच म्हणून. भाता कुजला, सूर फुगून बसले. दुरुस्तीवाल्याने हात लावून बघितलं आणि काहीच न बोलता झाकण लावलं.

आता ऐकतेय की तिथे नवीन काहीतरी मोठं येणार, गेम झोन का वॉटर पार्क. भिंत पुन्हा बांधलीय, पहिल्यापेक्षा दोन फूट उंच.

टेक्सासची लेक

मी मूळची बाबाजीपुऱ्याची, आता सॅन अँटोनिओला. धागा वाचून अंगावर काटा आला कारण त्या पार्कमधला एक पाळणा मी स्वतः बसलेय आणि मला माहीतच नव्हतं!

इथे फिएस्टा टेक्सास म्हणून पार्क आहे, तिथे गोलायथ नावाची राइड, ज्यात पाय खाली लोंबकळतात. ती म्हणजे न्यू ऑर्लिन्सची बॅटमॅन राइड, तिथून सुटी करून आणली आणि २००८ मध्ये इथे बसवली. तिचं स्टेशन उंचावर होतं म्हणून पुरात ती वाचली. बाकीच्या राइडच्या मोटरी, पॅनल, वायरिंग खाऱ्या पाण्यात गेलं. उंचावर होती ती वाचली आणि दुसऱ्या गावाला गेली, हे वाक्य लिहिताना मला आमचीच गल्ली आठवली. ज्यांची सोय होती ते पुरानंतर वासणा-भायलीकडे फ्लॅट घेऊन गेले, माझा भाऊ पण. आईबाबा जुन्या घरात आहेत.

@समा रोड, ताई पेटीचं वाचून फार वाईट वाटलं.

कोठीपोळ

सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं बोलतो. पार्क म्हटलं की लगेच नको नको सुरू होतं. माझं वय २६ आहे, इव्हेंटचं काम करतो, साउंड आणि लाइट. एक मोठं पार्क म्हणजे पाळण्यावरची पोरं, तिकीट, कँटीन, सिक्युरिटी, लाँड्री, रिक्षावाले, फुगेवाले, सगळ्यांना काम. पूर आल्यावर माझा सव्वा लाखाचा साउंड गेला, इन्शुरन्स नव्हता, आणि नंतर तीन महिने कोणी कार्यक्रमच करत नव्हतं. सावरायला लोकांच्या हातात पैसा लागतो ने. त्या न्यू ऑर्लिन्सच्या लोकांनाही पार्क परत हवंच असेल की? दादा तुम्ही तिथे होतात, सांगा, लोकांना नको होतं का?

आणि पाणी काय, पाणी बडोद्यात सगळीकडे येतं. मग कुठेच काही करायचं नाही?

दांडियाबाजारकर

@कोठीपोळ, भाऊ प्रश्न अगदी बरोबर विचारलास. हवं होतं, खूप लोकांना हवं होतं. माझ्या ऑफिसात एक बाई होत्या, त्या न्यू ऑर्लिन्स ईस्टच्याच, पहिली नोकरी जॅझलँडमध्ये केलेली, मेगा झेफच्या गेटवर. मेगा झेफ म्हणजे तोच सांगाडा जो मला हायवेवरून दिसायचा, लाकडी रुळ पण खालचा आधार पोलादाचा, वाळवी आणि वादळ दोन्ही सोसावीत म्हणून. त्याचं बोलताना त्यांचा चेहरा बदलायचा.

पण त्यांनीच मला दुसरी गोष्ट सांगितली जी मी विसरू शकत नाही. कतरिनाने शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००० च्या जनगणनेत ४ लाख ८४ हजार माणसं होती, २०१० ला ३ लाख ४४ हजार. ईस्ट हा मुख्यतः काळ्या मध्यमवर्गाचा भाग, शेजारी व्हिएतनामी वस्ती, लोकांनी स्वतःच्या पैशाने घरं उभी केली आणि परत आले. पण त्यांचं जवळचं हॉस्पिटल कतरिनात गेलं ते गेलं, नवीन उघडलं २०१४ मध्ये. नऊ वर्षं! मोठा मॉल पाडून टाकलेला. त्या बाईंच्या वडिलांना छातीत दुखायला लागलं की हायवेने शहरात न्यायचं. आणि त्याच काळात पेपरात काय, तर पार्कच्या जागी कोणती कंपनी येणार.

म्हणजे पार्क नको असं नाही माझं. पार्कच्या स्वप्नापायी बाकीचं सगळं रांगेत मागे उभं राहिलं, आणि ते स्वप्नही आलं नाही, हे मला खुपतं. दर वेळी नवीन टीम, नवीन मुदत, पैसे उभे राहिले नाहीत की मुदतवाढ, आणि तोवर जागेला कुलूप. हॉलिवूडवाले शूटिंग करून गेले तेवढंच.

निवृत्त ड्रेनेजवाला

मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. पण हा माझ्या कामाचा विषय आहे. चौतीस वर्षं गटारं, कांस, लेव्हल याच्यातच गेली.

धागाकर्त्याने एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही, ती मी लिहितो. त्या पार्कच्या चारी बाजूंना मातीचा बांध होता, सुमारे सहा फूट उंच. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून. आतलं पावसाचं पाणी बाहेर टाकायला पंप. कतरिनात पाणी बांधावरून आत आलं आणि पंप बंद पडले. मग बांधाने काय केलं? पाणी आत धरून ठेवलं. चार ते सात फूट निमखारं पाणी महिनाभर उभं होतं. वाऱ्याने जेवढं मोडलं त्यापेक्षा ह्या उभ्या पाण्याने जास्त खाल्लं. ताईंच्या पार्टी प्लॉटची भिंत आणि तो बांध, दोन्हींचं गणित एकच आहे, फक्त ताईंच्या बाबतीत पाणी शेजाऱ्याच्या घरात कोंडलं.

जमीन बशीसारखी असली की कडा उंच करून भागत नाही, बुडाला तोंड लागतं. आणि ते तोंड वीज नसताना चालणारं पाहिजे, म्हणजे उताराचं. पंप पुरात सगळ्यात आधी बंद पडतो कारण पुरात आधी वीज जाते. न्यू ऑर्लिन्सचा पूर्व भाग दलदल उपसून केलेला, उपसली की अशी माती सुकते आणि दबते, जमीन आणखी खाली जाते, मग आणखी उपसावं लागतं.

बडोद्याला सुदैवाने तसं नाही. आपली जमीन नदीकडे उतरते. पावागडाकडून विश्वामित्री येते, आजव्याकडून सूर्या येऊन तिला मिळते, आणि दोन्ही काठांना कोतरं. ही कोतरं म्हणजे नदीची फुप्फुसं होती, पूर आला की त्यात पाणी पसरायचं आणि हळूहळू परत यायचं. ती आपण मलब्याने भरली. २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल-रुंद केलं ते ठीक, पण भरलेली कोतरं कोण उकरणार?

@कोठीपोळ, बाळा, कुठेच काही करायचं नाही असं नाही. कमाटीबाग बघ. १८७९ पासून आहे, मधूनच विश्वामित्री वाहते, पूर आला की बाग पाण्याखाली जाते. मग गाळ काढतात, धुतात, आणि बाग चालू. झाडांना चार दिवस पाणी चालतं. मोटरीला चालत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात नदीकाठी काय ठेवायचं याची समज होती.

फतेगंज

काका दंडवत. मी आर्किटेक्चरला आहे, शेवटचं वर्ष, आणि न्यू ऑर्लिन्स आम्हाला अभ्यासाला होतं.

दोन गोष्टी सांगते. तिथेच एक मिराबो वॉटर गार्डन म्हणून काम आहे. कतरिनात एका कॉन्व्हेंटचं नुकसान झालं, पुढच्या वर्षी वीज पडून आग लागली, इमारत पाडावी लागली. सिस्टर्सनी २५ एकर जागा बिल्डरला न विकता शहराला वर्षाला १ डॉलर भाड्याने दिली, एका अटीवर की इथे पाणी मुरवायचं. पाऊस पडला की आजूबाजूच्या गल्ल्यांचं पाणी तिथे वळवायचं, गवताळ खोलगट भागात साठू द्यायचं, मुरू द्यायचं. एरवी ती बाग, मुलांनी खेळावं. वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की पडीक जागेचं मोल ती किती पाणी पोटात घेते यावरही ठरू शकतं.

दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे आणि तीही सांगायला हवी. २००६ च्या जानेवारीत शहराच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या कमिशनने नकाशा काढला, सखल वस्त्यांवर हिरवे गोल, की इथे पुढे उद्यानं होऊ शकतील. लोक अजून परगावी निर्वासित, आणि पेपर उघडला तर आपल्या घरावर हिरवा ठिपका. प्रचंड संताप झाला, नकाशा गुंडाळावा लागला. पाण्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं, पण राहणाऱ्याला विचारलंच नव्हतं. म्हणून पाण्याला जागा द्या म्हणताना पण जपून म्हणायला हवं, नाहीतर शेवटी नेहमी गरिबाचीच जागा पाण्याला जाते आणि बांधलेलं ज्याचं आहे त्याला हात लागत नाही.

कोठीपोळ

हिरव्या ठिपक्याचं वाचून मलाही राग आला, माझंच घर धरून बघितलं म्हणून.

काका, कमाटीबागेचं पटलं. पण बागेत माझ्यासारख्याला काम कुठे आहे? मी भांडत नाहीये, खरंच विचारतोय.

निवृत्त ड्रेनेजवाला

आहे. बुडणाऱ्या जागेवर कायमचं बांधकाम नको, पण उचलून नेता येईल असं सगळं चालतं. मेळा, गरबा, प्रदर्शन, रविवारचा बाजार, संगीताचा कार्यक्रम. जून ते सप्टेंबर मोकळं ठेवायचं, उरलेले आठ महिने रोज काहीतरी. विजेचे पॉइंट खांबावर पुराच्या रेघेच्या वर. तुझा साउंड गाडीतून येतो आणि गाडीतून जातो. पक्क्या पार्कमध्ये सगळं त्यांचं स्वतःचं असतं, तुला बोलावणार नाहीत.

समा रोड

मी एक आई म्हणून लिहितेय. १८ जानेवारी २०२४, हरणीचा तलाव. शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. माझा मुलगा त्याच वयाचा होता, शाळा वेगळी. तलाव आपल्या सगळ्यांचा, करमणूक कराराने दिलेली, आणि मुलांच्या अंगावर पुरेशी लाइफ जॅकेटं नव्हती. तेव्हापासून वॉटर पार्क, राइड हे शब्द ऐकले की मला आधी एकच विचारावंसं वाटतं, रोज सकाळी ते तपासणार कोण आणि त्या माणसाला पगार कोण देणार.

गेम झोन येणार म्हणून सोसायटीत काही लोक खूश आहेत, घरांचे भाव वाढतील म्हणतात. मी मीटिंगमध्ये बोलले तर म्हणाले तुम्ही फार घाबरता. घाबरते तर घाबरते.

टेक्सासची लेक

ताई तुम्ही घाबरत नाही, तुम्ही बघितलंय.

एक आठवलं ते सांगते. न्यू ऑर्लिन्सला जुन्या काळी तलावकाठी दोन करमणुकीच्या जागा होत्या, पाँचरट्रेन बीच गोऱ्यांसाठी आणि लिंकन बीच काळ्यांसाठी. १९६४ मध्ये नागरी हक्काचा कायदा झाल्यावर पाँचरट्रेन बीच सर्वांना खुला झाला आणि लिंकन बीच बंद पडला. तोही ईस्टलाच आहे. इथल्या एका आजींनी मला सांगितलेलं की आमचं लहानपण त्या वाळूत होतं. पुढे तिथल्या लोकांनी स्वतः जाऊन कचरा उचलला, गवत कापलं, कोणाची परवानगी नसताना, आणि मग शहराला लक्ष द्यावं लागलं. म्हणजे सगळं वरूनच यावं लागतं असं नाही.

दांडियाबाजारकर

हे मला माहीत असून सुचलं नव्हतं, थँक्यू ताई.

काका, एक विनंती. समा रोडताईंच्या प्लॉटची लेव्हल, म्हणजे जमिनीच्या चढउताराचं माप, घेता येईल का? कोर्टकचेरीचं बोलत नाहीये. नुसतं एवढंच की पूर्वी कोतर कुठून जात होतं, भिंत कुठे आडवी येते, आणि भिंतीत किती ठिकाणी, किती रुंद तोंडं ठेवली तर पाणी उताराने भूखी कांसेत जाईल. एक पानाचा कागद. मालकाशी भांडण्यापेक्षा तो कागद घेऊन त्याच्याकडे आणि महापालिकेकडे दोन्हीकडे जाऊ. अजून बांधकाम सुरू व्हायचंय म्हणजे आत्ताच वेळ आहे. गेम झोन करायचाच असेल तर करा, पण तळ मोकळा ठेवा, खांबांवर करा आणि भिंतीऐवजी जाळी लावा.

निवृत्त ड्रेनेजवाला

येतो. डम्पी लेव्हल, म्हणजे त्या मापाची दुर्बीण, घरी आहे, स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायला एक माणूस लागेल. पुराची रेघ सोसायटीच्या भिंतीवर अजून दिसते का? रंग दिला असेल तर जिन्यात बघा, जिन्यात कोणी रंग देत नाही.

समा रोड

दिसते काका! जिन्यात आठव्या पायरीच्या जरा वर. मुलाने पेन्सिलीने तारीख पण लिहून ठेवलीय.

फतेगंज

मी येते, जुने नकाशे डिपार्टमेंटमधून बघायला मिळतात का विचारते. कोतराची रेघ त्यात असायला हवी.

कोठीपोळ

स्टाफ मी धरतो. टेम्पो पण आहे माझा, काका तुम्हाला घ्यायला येतो, दांडिया बाजारहून दादांना पण घेतो. रविवारी सकाळी सात चालेल? ऊन व्हायच्या आत.

समा रोड

सात चालेल. नाश्ता माझ्याकडे, पोहे करते. गेटवर वॉचमनला आठव्या पायरीवाल्या ताई म्हणून विचारा, तो ओळखतो.